ढोलांचा ट्रेलर आणि वीस वर्षांचा पिकअप : एक प्रकरण अभ्यास

ओहायोतील कोलंबस येथील एका ढोल-ताशा पथकाने आपले साहित्य नेण्यासाठी सहा फूट रुंद आणि दहा फूट लांब असा, एका अ‍ॅक्सलचा, म्हणजे चाकांची एकच जोडी असलेला, वापरलेला बंद ट्रेलर घेतला. तो ओढण्यासाठी पथकातील एका ज्येष्ठ सदस्यांचा, ज्यांना सगळे नुसते काका म्हणतात, वीस वर्षांहून जुना मध्यम आकाराचा पिकअप वापरता येईल का, हे तपासण्याचे काम माझ्याकडे आले. गाडीचे इंजिन चार लिटरचे आणि सहा सिलिंडरचे, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, मागचे ब्रेक ड्रमचे आणि मागचे सस्पेन्शन पाट्यांचे आहे. गणेशोत्सवाच्या दिवसांत पथकाला कोलंबसहून पिट्सबर्गला, म्हणजे सुमारे १८५ मैल, जावे लागते. झेन्सव्हिलपर्यंतचा रस्ता बराचसा सपाट आहे, परंतु त्यापुढे अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या पायथ्याचे चढ-उतार सुरू होतात आणि व्हीलिंगजवळ ते चांगलेच जाणवतात.

काकांचे म्हणणे साधे होते. गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता ५,००० पौंडांच्या आसपास दिली आहे आणि ट्रेलर भरल्यावरही त्याच्या निम्म्याने वजनदार होणार नाही, तेव्हा ट्रेलर अडकवण्याचा गोळा, म्हणजे बॉल, मागे बसवावा आणि निघावे. हा हिशेब चुकीचा नव्हता, पण प्रश्नाच्या ज्या बाजूला अडचण नव्हती तेवढ्याच बाजूचा होता. हलका ट्रेलर ओढण्यात जुन्या गाडीचे इंजिन सहसा कमी पडत नाही. मागच्या भागावर येणारा भार पेलणे आणि सगळा जोडसमूह वेळेत थांबवणे या दोन कामांत ती कमी पडते, आणि पुस्तिकेतला ओढण्याचा आकडा या दोन्हींबद्दल फारसे काही सांगत नाही.

त्या आकड्याविषयी आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ओढण्याची क्षमता ठरवण्यासाठी अमेरिकेत सर्व कंपन्यांना लागू पडेल अशी सामाईक चाचणीपद्धत, एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचे जे-२८०७ हे मानक, २००८ साली प्रसिद्ध झाले, आणि ते प्रथम स्वीकारले टोयोटाने, २०११ च्या टंड्रा पिकअपसाठी. बाकीच्या कंपन्या त्यानंतरच्या काही वर्षांत एकेक करून त्यात आल्या. या मानकात अ‍ॅरिझोनातील डेव्हिस डॅमचा ११.४ मैलांचा चढ, भर उन्हाळ्याच्या तापमानात आणि एअर कंडिशनर चालू ठेवून, ठरावीक वेगाच्या खाली न येता चढावा लागतो. त्याआधीच्या गाड्यांचे आकडे प्रत्येक कंपनीने आपल्या पद्धतीने काढलेले आहेत आणि ते अर्थातच नव्या, गंज नसलेल्या गाडीचे आहेत.

वजनाचा हिशेब

सर्वप्रथम गाडी पूर्ण टाकी भरून, काकांना चालकाच्या जागी बसवून, हमरस्त्यालगतच्या ट्रक-थांब्यावरील वजनकाट्यावर नेली. या काट्यांवर पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचे वजन वेगवेगळे छापून मिळते आणि खर्च किरकोळ असतो. एवढी एकच गोष्ट करणारा माणूससुद्धा अंदाजावर चालणाऱ्या दहा जणांपेक्षा पुढे असतो, असे माझे मत आहे. एकूण वजन ४,१९० पौंड भरले, त्यापैकी मागच्या अ‍ॅक्सलवर १,८६० पौंड. दाराच्या चौकटीवरील पट्टीनुसार भरलेल्या गाडीचे कमाल वजन ५,१२० पौंड आणि मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा २,८५० पौंड होती. म्हणजे हाताशी राहिले ९३० पौंड. अलीकडच्या गाड्यांच्या दारावर माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल हे थेट लिहिलेले असते, पण या वयाच्या गाडीवर ते नव्हते, म्हणून वजाबाकी करूनच ते काढावे लागले. काकांना वाटत होते त्यापेक्षा हा आकडा बराच लहान निघाला, कारण मागच्या हौद्यावर त्यांनी बसवलेले फायबरचे झाकण या वजनात धरलेले होते आणि ते कधीकाळी आपणच बसवले होते हे ते विसरले होते.

दोन सहप्रवाशांचे ३४० पौंड आणि हिच (ट्रेलर अडकवण्याची गाडीवरची जोडणी), बॉलमाउंट (बॉल धरणारा दांडा) वगैरेंचे ५० पौंड वजा केल्यावर ५४० पौंड उरले. आता ट्रेलरचा भार. ट्रेलरच्या पुढच्या दांड्याने हिचच्या बॉलवर टाकलेल्या खालच्या दिशेच्या भाराला टंग वेट म्हणतात, आणि अशा ट्रेलरसाठी ते भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावे असा सर्वमान्य दंडक आहे. आमचा ट्रेलर रिकामा १,२४० पौंड होता. दोऱ्यांसह साधारण २० पौंडांचा एक याप्रमाणे २८ ढोल, त्याशिवाय ताशे, त्यांचे स्टँड, ध्वजाच्या काठ्या आणि सुट्या भागांची लोखंडी पेटी धरून सामान ८९० पौंड झाले. पुढे ब्रेक बसवल्यावर त्यात ६० पौंडांची भर पडली, म्हणजे एकूण २,१९० पौंड. त्यावर २८० पौंडांच्या आसपासचे टंग वेट हे आमचे लक्ष्य ठरले.

हे २८० पौंड मागच्या अ‍ॅक्सलवर मात्र २८० म्हणून पोहोचत नाहीत. बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या चार फूट मागे आणि दोन अ‍ॅक्सलमधील अंतर साडेदहा फूट असल्यामुळे गाडी तरफेसारखी वागते. पुढच्या चाकांवरून सुमारे १०७ पौंड उचलले जातात आणि मागच्या अ‍ॅक्सलवर एकंदर ३८७ पौंड येतात. सगळे धरून मागच्या अ‍ॅक्सलचे वजन २,५१२ पौंड, पुढच्याचे २,३४८ पौंड आणि बेरीज ४,८६० पौंड झाली. मर्यादेच्या खाली २६० पौंड शिल्लक राहिले. म्हणजे हौद्यात पाण्याच्या बाटल्यांचे काही खोके आणि प्रवाशांच्या बॅगा चालतील, पण चौथा माणूस आणि जनरेटर दोन्ही नाहीत. ओढण्याच्या ५,००० पौंडांच्या आकड्याचा या हिशेबाशी काहीही संबंध आला नाही, हे काकांना कागदावर दाखवल्यावर त्यांनी पुस्तिका बंद करून ठेवली.

गंज

ओहायोत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि वीस हिवाळे पाहिलेल्या गाडीत बाहेरचा रंग कितीही चकचकीत असला तरी खाली झोपून पाहिल्याशिवाय तिच्याविषयी मत देऊ नये. चासीच्या गंजाची मोठी प्रकरणे घडून गेलेली आहेत. टोयोटाने २००८ साली १९९५ ते २००० या सालांच्या टॅकोमा गाड्यांसाठी चासी गंजून छिद्रे पडण्याविरुद्धची हमी १५ वर्षांपर्यंत वाढवली आणि दुरुस्त न होण्याजोग्या गाड्या परतही विकत घेतल्या. काकांची गाडी त्या जातीची नाही, पण मीठ सगळ्या जातींना सारखेच लागते.

पाहणी करताना हातोडीने चासीवर टप्प्याटप्प्याने ठोकत गेलो. चांगल्या पोलादाचा आवाज खणखणीत येतो, आतून पापुद्रे सुटलेल्या पोलादाचा बद्द येतो, आणि जिथे तो बदलतो तिथे स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहायचे. चासीच्या मुख्य बाजू ठीक होत्या. दोष सापडला तो पाट्यांचे मागचे टोक ज्यात अडकते त्या शॅकलमध्ये आणि शॅकल धरणाऱ्या ब्रॅकेटमध्ये. उजवीकडच्या ब्रॅकेटच्या खालच्या कडेला बोट शिरेल एवढी जागा गंजाने खाल्ली होती. टंग वेट नेमके याच सांध्यावर येते. रोजच्या वापरात गाडी आणखी काही वर्षे अशीच चालली असती, कारण हौद्यात काका फार तर मातीची पोती टाकत. पण ३८७ पौंडांचा हिंदकळणारा भार त्यावर टाकणे मला मान्य नव्हते. दोन्ही बाजूंचे रिव्हेट घासून काढून नवी ब्रॅकेट आणि शॅकल उच्च दर्जाच्या बोल्टांनी बसवली, सोबत नवे यू-बोल्ट टाकले. पाट्यांची कमान थोडी बसलेली असली तरी दोन्ही बाजूंची उंची सारखी होती, म्हणून पाटे बदलले नाहीत.

येथे एक मुद्दा अनेकदा उलटा समजला जातो. मागची बाजू बसते म्हणून हवेच्या पिशव्या किंवा मदतीचे जादा पाटे बसवले की गाडी वर उचलली जाते आणि दिसायला सगळे ठीक दिसते, परंतु दारावरच्या पट्टीवरील आकडा त्यामुळे एका पौंडानेही वाढत नाही. अ‍ॅक्सल, बेअरिंग, चाके आणि ब्रेक तेच राहतात. आधी दुरुस्ती, मग वजनकाटा, आणि तरीही गरज भासली तर जादा पाटे, हा क्रम आम्ही पाळला, आणि शेवटी जादा पाटे लागलेच नाहीत.

आधीच्या मालकाने गाडीच्या मागच्या बंपरलाच भोक पाडून बॉल लावलेला होता. बंपरला चासीशी जोडणारे पातळ पत्र्याचे आधार गंजलेले होते, त्यामुळे त्या बॉलचा विचार पहिल्याच दिवशी सोडला. चासीतल्या मूळ भोकांत बोल्टने बसणारा, दोन इंच चौरस तोंडाचा तिसऱ्या वर्गाचा रिसीव्हर, म्हणजे बॉलमाउंट ज्यात सरकवतात तो हिचचा भाग, आणला आणि टॉर्क पान्याने सांगितलेल्या दाबापर्यंत आवळला. चासीवर वेल्डिंग केले नाही. पहिल्या वर्गाचा रिसीव्हर २,००० पौंडांपर्यंतचा, दुसऱ्या वर्गाचा ३,५०० पौंडांपर्यंतचा असतो, म्हणजे दुसऱ्या वर्गानेही काम भागले असते. तिसरा घेण्याचे कारण त्याच्या चौकोनी तोंडात सर्व प्रकारची बॉलमाउंट मिळतात आणि ट्रेलर समतल ठेवण्यासाठी लागणारी उंची नेमकी जुळवता येते एवढेच. ट्रेलरचा दांडा वर उचललेला राहिला तर टंग वेट कमी होते आणि मागचे टोक रस्त्याला घासते. खाली झुकला तर गाडीचे मागचे टोक आणखी दबते आणि समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांत हेडलाइट जातात.

थांबवणे

ब्रेकच्या बाबतीत कायदा आणि गाडीची पुस्तिका यांच्यात तफावत असते, आणि या तफावतीवर आमची सर्वांत लांब चर्चा झाली. ओहायोत रिकामा ट्रेलर २,००० पौंड किंवा अधिक असेल तर त्याला स्वतःचे ब्रेक लागतात, पेनसिल्व्हेनियात सीमा एकूण वजन ३,००० पौंडांची आहे, तर कॅलिफोर्नियात ती १,५०० पौंडांवर येते. या आकाराचे बरेच ट्रेलर २,९९० पौंड एकूण मर्यादेचे म्हणून विकले जातात, त्यामागे अनेक राज्यांतील ३,००० पौंडांची ही सीमाच आहे. खालचा अ‍ॅक्सल ३,५०० पौंडांचा असला तरी कागदावर आकडा २,९९० ठेवला की ब्रेक न लावता विकता येतो. आमचा ट्रेलरही तसाच, ब्रेकविना होता, आणि कायद्याच्या दृष्टीने दोन्ही राज्यांत चालण्यासारखा होता.

गाडीची पुस्तिका मात्र १,५०० पौंडांवरील ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असलेच पाहिजेत असे सांगते. काही कंपन्या ही सीमा १,००० पौंडांवर ठेवतात. यामागचे कारण समजण्यासारखे आहे. गाडीचे ब्रेक गाडीच्या स्वतःच्या कमाल वजनाच्या हिशेबाने घडवलेले असतात, आणि ब्रेकविना ट्रेलर असेल तर त्याचे सगळे वजन मागून ढकलत राहते, शिवाय उतारावर वळण असेल तर ते ढकलणे सरळ रेषेत होत नाही. पथकातील काहींचे म्हणणे पडले की पुस्तिका काही कायदा नव्हे. ते खरेच आहे. पण अपघातानंतर विमा कंपनीपुढे आणि मंडळाच्या कार्यकारिणीपुढे पुस्तिकेतले ते पान कोणी वाचून दाखवले तर उत्तर काय द्यायचे, याचा विचार करून मी ब्रेक बसवण्याचा आग्रह धरला. ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवर ब्रेकची प्लेट बसवण्यासाठी भोके असलेली चकती आधीपासूनच होती, त्यामुळे दहा इंची इलेक्ट्रिक ड्रम ब्रेकचे तयार संच थेट बसले. चालकाजवळ गाडीच्या मंदावण्याच्या प्रमाणात ट्रेलरच्या ब्रेकला वीज देणारा कंट्रोलर लावला, आणि ट्रेलरच्या दांड्यावर लहान बॅटरी व तिची खीळ. ट्रेलर कधी सुटलाच तर दोरीने ही खीळ ओढली जाते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात.

गाडीचे स्वतःचे ब्रेक तपासताना जे दिसले ते गंजाच्याच कथेचा पुढचा भाग होते. मागच्या ड्रममधील आपोआप जुळवणारी यंत्रणा जाम झालेली होती, त्यामुळे मागचे लायनर ड्रमला जेमतेम टेकत होते आणि जवळपास सगळे काम पुढची चाके करत होती. एका चाकाचा सिलिंडर झिरपत होता. चासीवरून मागे जाणारी पोलादी ब्रेकची नळी क्लिपांखाली फुगलेली, पापुद्रे सुटलेली होती. ती पूर्ण काढून तांबे-निकेल मिश्रधातूची नळी टाकली. ही मिठाला दाद देत नाही आणि हाताने वाकवून बसवताही येते. द्रव तर किती जुना होता हे कोणालाच सांगता येईना. डॉट-३ प्रतीचा ब्रेक द्रव हवेतील ओलावा शोषतो. नवा असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा मुरल्यावरची किमान मर्यादा फक्त १४० अंश धरलेली आहे. लांब उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये द्रव उकळला की पेडल थेट खाली जाते. संपूर्ण द्रव बदलला, मागचे ड्रम, लायनर आणि सिलिंडर नवे टाकले, हँडब्रेकची केबल सोडवली. या प्रकरणातील सर्वाधिक वेळ आणि पैसा येथेच गेला, आणि ट्रेलर नसता तरीही हे काम करावेच लागले असते.

उष्णता आणि वारा

ढोल हे पोकळ सामान आहे. ट्रेलर छतापर्यंत भरला तरी वजन जेमतेम होते, पण हवेला तो तेवढाच अडवतो जेवढा लोखंडाने भरलेला ट्रेलर अडवेल. आमच्या ट्रेलरचा समोरचा भाग जवळपास ३९ चौरस फुटांचा आहे आणि गाडीच्या टपावर तो सुमारे अडीच फूट उंच डोकावतो, म्हणजे तेवढा भाग थेट वाऱ्याच्या तोंडी येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ताशी ५५ मैलांऐवजी ६५ मैलांनी गेल्यास केवळ हवेसाठी लागणारी शक्ती सुमारे ६५ टक्क्यांनी वाढते. म्हणून हलका ट्रेलर म्हटला तरी गिअरबॉक्सच्या दृष्टीने तो सपाट रस्त्यावरही सतत चढ चढत असतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मरतो तो मुख्यतः उष्णतेने. ऑइलची कांडी बाहेर काढून पाहिली तेव्हा रंग तपकिरी होता, पण जळका वास नव्हता आणि पॅन उघडल्यावर तळाच्या चुंबकावर नेहमीची बारीक पूड सोडून धातूचे तुकडे नव्हते. ऑइल आणि फिल्टर बदलले. दाबाने धुऊन काढण्याचा सल्ला एका गॅरेजने दिला होता, तो मानला नाही, कारण एवढ्या वापरलेल्या गिअरबॉक्सला साध्या पद्धतीने ऑइल बदलणे पुरेसे आहे असे माझे मत होते. रेडिएटर बदलला आणि त्याच्या पुढे गिअरबॉक्सच्या ऑइलसाठी स्वतंत्र कूलर लावला. ऑइल आधी रेडिएटरमधून आणि मग या कूलरमधून परत जाते. जुना रेडिएटर गळत नव्हता तरी बदलण्याचे कारण असे की अशा गाड्यांत इंजिनाचे पाणी आणि गिअरबॉक्सचे ऑइल रेडिएटरच्या टाकीत एका पातळ भिंतीने वेगळे राहतात. ती भिंत फुटली की पाणी गिअरबॉक्समध्ये जाते आणि त्यानंतर दुरुस्ती जवळपास निरर्थक ठरते. निसानच्या २००५ ते २०१० या काळातील फ्रंटियर, एक्सटेरा आणि पाथफाइंडर गाड्यांत हे इतक्या ठिकाणी घडले की प्रकरण न्यायालयात गेले. पाण्याचे होज, थर्मोस्टॅट आणि फॅन क्लच त्याच उघडझापीत बदलले.

अमेरिकेत १९९६ पासूनच्या सर्व मोटारगाड्यांना निदानाचे सामाईक सॉकेट असते, त्यात स्वस्तातला रीडर लावून या गाडीच्या गिअरबॉक्सचे तापमान फोनवर पाहता येते. या एका आकड्याने काकांची गाडी चालवण्याची पद्धत बदलली, जे माझ्या सांगण्याने झाले नव्हते. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिन संथ फिरू देणारा सर्वांत वरचा गिअर, चालू ठेवून चढ घेतला की गिअरबॉक्स वरच्या आणि खालच्या गिअरमध्ये सारखा हेलकावे खातो, इंजिनाची शक्ती ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरची पकड सुटते आणि तो घसरत ऑइल तापवतो. चाचणीच्या फेरीत चढावर तापमान २१५ अंश फॅरेनहाइटपर्यंत गेले, आणि दांडीवरचे बटण दाबून ओव्हरड्राइव्ह बंद केल्यावर, इंजिनाचा आवाज वाढला असला तरी, ते १९० च्या आसपास स्थिरावले. इंजिन जोरात ओरडते म्हणजे त्याला त्रास होतो ही काकांची पक्की समजूत होती, ती त्या दिवशी मोडली. पेट्रोलचा खर्च मात्र एका गॅलनमागे १९ मैलांवरून १३ मैलांवर आला आणि त्यावर काही उपाय नाही.

दिवे आणि टायर

ब्रेकमुळे चार तारांचे साधे सॉकेट पुरेसे नव्हते, सात पिनांचे लावावे लागले. जुन्या मालकाने केलेल्या जोडण्या चिकटपट्टीने गुंडाळलेल्या होत्या. हेडलाइट चालू असताना ब्रेक दाबला की ट्रेलरचे दिवे उजळण्याऐवजी मंद होत आणि वळणाचा दिवा दोन्ही बाजूंना लुकलुके. अशी चमत्कारिक लक्षणे दिसली की दहापैकी नऊ वेळा दोष अर्थिंगचा असतो, कारण परतीचा मार्ग न मिळालेली वीज दुसऱ्या दिव्याच्या तारेतून मार्ग काढते. पांढरी तार गंजलेल्या पत्र्यावर एका स्क्रूने अडकवलेली होती. ती चासीच्या स्वच्छ केलेल्या भागावर दातेरी वायसरसह बसवली आणि ट्रेलरच्या बाजूलाही दिव्यापर्यंत स्वतंत्र तार ओढली.

गाडीचे टायर खोबणीने चांगले दिसत होते, परंतु बाजूवर कोरलेल्या चार अंकांवरून, ज्यातील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, त्यांचे वय कळले आणि चारही बदलले. ते मोटारीच्या जातीचे होते. अशा टायरची छापील क्षमता पिकअपवर वापरताना १.१० ने भागून घ्यावी लागते, हे टायर विकणारेही क्वचित सांगतात. ट्रेलरचे टायर त्याच्या खास जातीचे, हवा छापील कमाल दाबापर्यंत भरलेली. बेअरिंग उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरून बसवली आणि चाकांचे नट पहिल्या ५० मैलांनंतर पुन्हा आवळण्याची नोंद ट्रेलरच्या दारावर आतून चिकटवली.

सामान लावणे

यंत्राची सगळी तयारी झाल्यावर खरी अडचण दिसली ती सामान लावण्याच्या सवयीत. वजन मोजण्यासाठी पथकाने नेहमीप्रमाणे ट्रेलर भरला, तेव्हा टंग वेट अवघे १२० पौंड भरले, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास. कारण शोधायला वेळ लागला नाही. मिरवणुकीच्या ठिकाणी पोहोचल्यावर सर्वांत आधी लागतात ते ध्वजाचे लोखंडी पाय, ढोल ताणण्याची हत्यारे आणि सुट्या भागांची पेटी, म्हणून ते सगळ्यांत शेवटी, मागच्या दाराशी ठेवले जात. ढोल आत पुढे आणि लोखंड मागे. अ‍ॅक्सलच्या मागे वजन जास्त झाले की ट्रेलर एका विशिष्ट वेगापुढे डावी-उजवीकडे झुलू लागतो, झोका प्रत्येक वेळी वाढत जातो आणि बाजूने जाणाऱ्या मोठ्या ट्रकचा वारा त्याला सुरुवात करून द्यायला पुरेसा असतो. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबणे ही सर्वांत वाईट प्रतिक्रिया होय. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टीअरिंग सरळ धरावे आणि कंट्रोलरची दांडी हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत.

टंग वेट मोजण्यासाठी वेगळे यंत्र घेतले नाही. एका टोकाला घरातला वजनकाटा आणि दुसऱ्या टोकाला त्याच उंचीची वीट ठेवून त्यांवर जाड लाकडी फळी आडवी टाकली, आणि ट्रेलरचा दांडा विटेच्या आधारापासून एक फूट व काट्याच्या आधारापासून दोन फूट अंतरावर टेकवला. काट्यावर दिसलेल्या आकड्यातून फळीचा भार वजा करून तिपटीने गुणले की झाले.

सवय बदलायला सांगून बदलत नाही, त्यामुळे ट्रेलरच्या पुढच्या भागात पदपथाच्या बाजूला असलेले छोटे दार कामी आले. लोखंडी पेटी आणि ध्वजाचे पाय त्या दाराच्या आत, अ‍ॅक्सलच्या पुढे, जमिनीला पक्क्या केलेल्या कड्यांना पट्ट्यांनी बांधून ठेवायचे ठरले. मागचे दार न उघडताही ते आधी बाहेर काढता येतात. पथकातील मुलांना हे पटले ते सुरक्षेच्या कारणाने नव्हे, तर ढोल उतरवणाऱ्यांची आणि ध्वज बांधणाऱ्यांची एकाच दारात होणारी गर्दी टळली म्हणून. नव्या मांडणीत टंग वेट २८० पौंड आले.

जोडताना पाळायचे नियम थोडे आहेत आणि ते काकांनी स्वतः तोंडपाठ केले. कपलरची, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या बॉलवर बसणाऱ्या तोंडाची, कडी लावून तिच्यात खीळ घालायची, मग दांड्याचा जॅक खाली करून गाडीचे मागचे टोक थोडे उचलले जाते का ते पाहायचे. बॉल कपलरमध्ये नीट बसला नसेल तर इथेच कळते. साखळ्या दांड्याखाली फुलीसारख्या एकमेकींना छेदून लावायच्या, म्हणजे दांडा निसटला तरी रस्त्यावर न आपटता त्या झोळीत अडकेल. कंट्रोलरची तीव्रता कोरड्या मोकळ्या वाहनतळावर ताशी २० ते २५ मैलांच्या वेगाने जुळवली. ट्रेलरची चाके अडकायच्या किंचित आधीची पायरी योग्य असते.

पिट्सबर्गचा प्रवास ताशी ६० मैलांची मर्यादा ठरवून झाला. व्हीलिंगच्या उतारांवर काकांनी खालचा गिअर आधीच घेतला, ब्रेक थोडे थोडे आणि सोडून सोडून वापरले, आणि पोहोचल्यावर सगळ्या चाकांच्या जवळ हात नेऊन पाहिला तेव्हा ट्रेलरचा एक ड्रम दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम लागला. त्या बाजूचे लायनर जरा घट्ट जुळवले गेले होते, ते परतीच्या आधी सैल केले. गाडीचे आणि ट्रेलरचे कमाल वजन मिळूनही ८,११० पौंडच होत असल्याने व्यावसायिक वाहनांच्या १०,००१ पौंडांपासून सुरू होणाऱ्या संघराज्याच्या नियमांचा प्रश्न आला नाही. विम्याच्या बाबतीत मात्र एक खुलासा करून घ्यावा लागला, कारण दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई सामान्यतः ओढणाऱ्या गाडीच्या विम्यातून होते, पण ट्रेलरचे आणि आतल्या ढोलांचे नुकसान त्यात येत नाही. ढोलांसाठी मंडळाने वेगळी पॉलिसी घेतली.

पुढच्या उत्सवाआधी मंडळाकडून सूचना आली की ट्रेलर जातोच आहे तर व्यासपीठाचे प्लायवुडही त्यातच टाकावे. पाऊण इंच जाडीचे चार बाय आठ फुटांचे एक पान ६० ते ७० पौंडांचे भरते, आणि अशी १४ पाने न्यायची होती. ट्रेलरच्या २,९९० पौंडांच्या मर्यादेत ८०० पौंडांची जागा शिल्लक होती, प्लायवुड ८४० पौंडांच्या खाली येत नव्हते, आणि लांब पानांचे वजन अ‍ॅक्सलच्या पुढे ठेवायला ढोलांमुळे जागा नव्हती. काकांनी हा हिशेब कोणाला न विचारता स्वतःच केला आणि नकार कळवला. व्यासपीठासाठी मंडळाने भाड्याने बंद ट्रक घेतला.